सम्यक स्मृती हा शब्द पुन्हा वापरात यावा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत गेल्या काही आठवड्यांत ‘माइंडफुलनेस’ या विषयावर तीन लेख आले. हा विषय मला फार जवळचा असल्यामुळे तिन्ही लेख मी आस्थेने वाचले. श्वासाकडे लक्ष कसे द्यावे हे त्यांत नेमकेपणाने सांगितले होते, भाषा सोपी होती आणि लेखकांचा हेतू चांगला होता याबद्दल मला शंका नाही. तरीही एक गोष्ट खटकत राहिली, आणि ती एखाद्या लेखकाची चूक नसून आपण सगळ्यांनीच अंगवळणी पाडून घेतलेली सवय आहे असे वाटल्यामुळे हे पत्र लिहीत आहे. माइंडफुलनेस म्हणजे ‘सजगता’ आणि सजगता म्हणजे मागचे-पुढचे सगळे विसरून या क्षणात राहणे, अशी व्याख्या तिन्ही लेखांत होती. ज्या शब्दाचा मूळ अर्थच ‘आठवण’ असा आहे त्याची ओळख ‘विसरणे’ अशी करून दिली जावी, याचे मला वाईट वाटले.

मूळ पाली शब्द ‘सति’ असा आहे आणि तो संस्कृतातल्या ‘स्मृती’चे पाली रूप आहे. मराठीत ‘सती’ म्हटले की भलताच अर्थ समोर उभा राहतो, म्हणून मराठी बौद्ध वाङ्मयात ‘सम्यक स्मृती’ हा शब्द रूढ झाला आणि ज्यांना बुद्धांनी सांगितलेला आठ अंगांचा अष्टांगिक मार्ग पाठ आहे त्यांना तो त्या मार्गाचे सातवे अंग म्हणून चांगला माहीत असतो. इंग्रजीत त्यासाठी ‘माइंडफुलनेस’ हा प्रतिशब्द आणला तो टी. डब्ल्यू. ऱ्हीस डेव्हिड्स यांनी. सिलोनच्या, म्हणजे आजच्या श्रीलंकेच्या, मुलकी सेवेत असताना ते पालीकडे वळले, १८८१ मध्ये त्यांनी पाली टेक्स्ट सोसायटी स्थापन केली आणि त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या आपल्या भाषांतरात हा शब्द योजला. त्या काळच्या इंग्रजीत त्या शब्दाला ‘लक्षात ठेवून असणे’ अशी छटा होती, त्यामुळे तो चपखल बसला. पुढच्या शतकभरात ती छटा पुसट होत गेली, ‘या क्षणाकडे लक्ष देणे’ एवढाच अर्थ उरला, आणि त्या झिजलेल्या अर्थाचे मराठीकरण आपण ‘सजगता’ असे केले. घरात असलेला शब्द बाजूला ठेवून त्याची दोन भाषांतरांतून फिरून आलेली सावली आपण स्वीकारली आहे.

‘मिलिंदपञ्ह’ या ग्रंथात राजा मिलिंद भिक्खू नागसेनांना स्मृतीचे लक्षण विचारतो, तेव्हा नागसेन राजाच्या भांडाऱ्याचे उदाहरण देतात. हा भांडारी सकाळ-संध्याकाळ राजाला आठवण करून देतो, की महाराज, आपल्याकडे इतके हत्ती आहेत, इतके घोडे आहेत, इतके सोने आहे, हे लक्षात असू द्यावे. त्याचप्रमाणे स्मृती जागी झाली की कुशल काय आणि अकुशल काय, याची ती मनाला आठवण देत राहते. अंगुत्तर निकाय या बुद्धांच्या उपदेशांच्या पाली संग्रहात दुसरी उपमा आहे ती सीमेवरच्या नगराच्या शहाण्या द्वारपालाची, जो ओळखीच्या माणसाला आत घेतो आणि अनोळखी माणसाला वेशीवरच अडवतो. या दोन्ही उपमांतली माणसे नुसती बघत बसलेली नाहीत. एक जण हिशेब ठेवतो, दुसरा पारख करतो. ‘कोणताही निवाडा न करता केवळ पाहत राहणे’ ही आज सर्वत्र सांगितली जाणारी व्याख्या साधनेच्या एका टप्प्यावर खरोखर उपयोगी पडते, कारण स्वतःलाच दोष देत बसण्याच्या सवयीतून ती मनाला बाहेर काढते. परंतु तेवढ्याने स्मृतीचा अर्थ पुरा होत नाही. मराठीत याच्या जवळ जाणारा एक साधा, रोजच्या बोलण्यातला शब्द आहे, तो म्हणजे ‘भान’. आपण कोणाला ‘भान ठेवून बोल’ असे सांगतो तेव्हा त्याने आपल्या श्वासाकडे बघावे असे आपल्याला म्हणायचे नसते. समोर कोण आहे, प्रसंग काय आहे आणि आपल्या शब्दाने कोणाला काय होईल, हे त्याने ध्यानात ठेवावे असे आपण सांगत असतो. ‘सामाजिक भान’ असे आपण सहज म्हणतो. ‘सामाजिक सजगता’ म्हटले तर ते तितके खोल जात नाही.

हे मी तटस्थ अभ्यासकाच्या भूमिकेतून लिहीत नाही. काही वर्षांपूर्वी पाठीच्या जुनाट दुखण्याने मी हैराण झाले होते आणि डॉक्टरांच्या सल्ल्यावरून आठ आठवड्यांचा माइंडफुलनेसचा अभ्यासक्रम केला. दुखणे गेले नाही. मात्र दुखू लागले की ‘आता हे कधीच थांबणार नाही’ असा जो विचार मागोमाग येई आणि दुखण्याच्या दुप्पट त्रास देई, तो येताना मला दिसू लागला, आणि दुखणे व दुखण्याची धास्ती या दोन निराळ्या गोष्टी आहेत हे हळूहळू उमगले. संयुत्त निकाय या तशाच संग्रहातल्या सल्ल सुत्तात (सुत्त म्हणजे बुद्धांचा उपदेश) हेच दोन बाणांच्या उपमेने सांगितले आहे. एक बाण शरीराला लागतो तो चुकवता येत नाही, आणि त्यावर तळमळून माणूस दुसरा बाण मनाला लावून घेतो. ही उपमा मला पुढे पाली शिकू लागल्यावर सापडली. अभ्यासक्रमात ती कोणी सांगितली नव्हती. त्या दिवसांत ती कोणी सांगितली असती, तर माझ्या आधी अडीच हजार वर्षे माणसे याच दुखण्याशी झगडली आहेत एवढ्या जाणिवेनेही मला धीर आला असता.

हा अभ्यासक्रम घडवणारे जॉन कबाट-झिन हे मुळात रेण्वीय जीवशास्त्राचे अभ्यासक. १९७९ मध्ये त्यांनी मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात दीर्घकाळ वेदना सोसणाऱ्या रुग्णांसाठी त्याची सुरुवात केली. त्यामागे झेन (जपानमधली बौद्ध ध्यानपरंपरा) आणि विपश्यना या साधनांचा त्यांचा स्वतःचा अनुभव होता, परंतु धार्मिक वाटणारे शब्द ऐकून रुग्ण दुरावू नयेत म्हणून त्यांनी ते जाणीवपूर्वक बाजूला ठेवले. हा निर्णय मी समजू शकते; माझ्यासारख्या अनेकांना त्यामुळेच दार उघडे सापडले. पुढे झिंडेल सेगल, मार्क विल्यम्स आणि जॉन टीसडेल यांनी या पद्धतीला संज्ञानात्मक उपचाराची, म्हणजे विचारांच्या सवयी बदलण्यावर भर देणाऱ्या मानसोपचाराची, जोड दिली, आणि २००० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात, ज्यांना नैराश्याने तीन किंवा अधिक वेळा गाठले होते अशा रुग्णांमध्ये ते उलटण्याचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले. हे मोलाचे काम आहे. मात्र त्याच्या आधारे ‘विज्ञानाने सिद्ध झाले आहे’ असे जे सरसकट छापले जाते ते बरोबर नाही. २०१४ मध्ये एका अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकाने ध्यानावरच्या ४७ चाचण्यांचा आणि त्यांतल्या ३,५१५ सहभागींचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. चिंता, नैराश्य आणि वेदना यांत काही सुधारणा त्यात दिसली, परंतु औषधे, व्यायाम किंवा इतर उपचारांपेक्षा ध्यान सरस ठरते असा पुरावा आढळला नाही. ब्रिटनमध्ये आठ हजारांहून अधिक शाळकरी मुलांवर झालेल्या आणि २०२२ मध्ये निष्कर्ष जाहीर झालेल्या अभ्यासात तर नेहमीच्या शिक्षणापेक्षा माइंडफुलनेसच्या तासांचा अधिक लाभ झाल्याचे दिसलेच नाही. बहुतेक मुलांनी घरी सराव केलाच नव्हता. वर्गात दहा मिनिटे डोळे मिटायला सांगून मुलांचे मन स्थिर होईल, ही अपेक्षाच मुलांवर अन्याय करणारी होती असे मला वाटते.

ध्यानाने काही जणांना त्रासही होऊ शकतो, हे मात्र आपल्या लेखांत कोठेच नव्हते. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये बौद्ध परंपरेत साधना करणाऱ्यांशी सविस्तर बोलून भीती, झोप उडणे, स्वतःपासून तुटल्यासारखे वाटणे अशा अनुभवांची नोंद केली, तेव्हा अनेकांना ते नवीन वाटले. वस्तुतः बौद्ध ग्रंथांनी ही गोष्ट कधी लपवलेली नाही. वैशालीच्या महावनातली एक कथा विनयपिटकात, म्हणजे भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथात, आणि संयुत्त निकायात येते. बुद्धांनी भिक्खूंना शरीराच्या अशुभत्वाचे ध्यान सांगितले आणि स्वतः पंधरा दिवस एकांतात गेले. मागे राहिलेल्या भिक्खूंपैकी पुष्कळांना आपल्या देहाची इतकी किळस आली की त्यांनी जीवनच नकोसे करून घेतले आणि कित्येक प्राणांना मुकले. एकांत संपवून परतल्यावर बुद्धांनी आनंदाला विचारले की भिक्खुसंघ इतका विरळ का दिसतो. आनंदाने सारा प्रकार सांगितला आणि दुसरी एखादी साधना सांगण्याची विनंती केली, तेव्हा त्यांनी उरलेल्यांना एकत्र बोलावून आनापानसति, म्हणजे श्वासोच्छ्वासाची स्मृती, शिकवली. ज्या श्वासाच्या साधनेला आज आपण सर्वांसाठी सारखे, निरुपद्रवी औषध समजतो, ती या कथेनुसार एका भयंकर अनर्थानंतर, नेमके काय बिघडले हे पाहून सांगितली गेली आहे. ही कथा वाचून मी बराच वेळ पुस्तक मिटून बसले होते. शास्त्याच्या, म्हणजे खुद्द बुद्धांच्या, शिकवणीतून अनर्थ झाला हे लिहून ठेवणारी आणि दोन हजारांहून अधिक वर्षे ते न खोडणारी परंपरा मला अत्यंत प्रामाणिक वाटते.

याच कारणाने पाचव्या शतकातल्या बुद्धघोषांनी ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथात ध्यानाचे चाळीस विषय आणि माणसांच्या सहा प्रकृती सांगून, कोणत्या प्रकृतीला कोणता विषय मानवेल हे जाणत्या आचार्याने ठरवावे असे म्हटले. (पालीचे पंडित धर्मानंद कोसंबी यांनी याच ग्रंथाच्या संपादनासाठी हार्वर्ड विद्यापीठात काम केले होते, हे मराठी वाचकाने अभिमानाने लक्षात ठेवावे असे आहे.) आज मोबाइलमधले एकच ॲप रागीट माणसाला, शोकाकुल माणसाला आणि झोप न येणाऱ्या माणसाला जवळपास सारख्याच आवाजात सारखेच सांगते, आणि त्याला काही त्रास झाला तर विचारायला पलीकडे कोणी नसते. ॲप वापरू नये असे मी म्हणत नाही. ज्यांना पूर्वी मोठा मानसिक आघात झाला आहे त्यांनी जाणत्या माणसाशिवाय दीर्घ ध्यानाला बसू नये, एवढी सूचना तरी प्रत्येक लेखाखाली असायला हवी.

सम्यक स्मृतीच्या आधी अष्टांगिक मार्गात सम्यक वाचा आहे, सम्यक कर्म आहे, सम्यक आजीविका आहे. ही अंगे काढून घेतली की उरते ते केवळ एकाग्र होण्याचे कौशल्य, आणि ते कोणत्याही कामाला जुंपता येते. मोठ्या कंपन्यांत कर्मचाऱ्यांना हे शिकवले जाते. गूगलमध्ये असा कार्यक्रम २००७ पासून होता. अमेरिकेत युद्धावर निघालेल्या मरीन सैनिकांनाही असे प्रशिक्षण देऊन त्याचा अभ्यास झाला. त्या सैनिकांच्या किंवा कर्मचाऱ्यांच्या मनाला थोडी स्वस्थता मिळाली असेल तर मला त्याचा आनंदच आहे. पण कामाचे तास माणसाला पिळून काढणारे असतील आणि त्यावर उपाय म्हणून कर्मचाऱ्याने फक्त आपला श्वास नीट बघावा अशी अपेक्षा असेल, तर ताणाचे कारण कोठे आहे हा प्रश्नच विसरला जातो. पाली ग्रंथांत ‘मिच्छा सति’, म्हणजे मिथ्या स्मृती, असाही शब्द आहे. स्मृती चुकीच्या वाटेलाही जाऊ शकते हे ज्यांनी ओळखले होते त्यांनीच तिला ‘सम्यक’ हे विशेषण जोडले.

स्मृतीच्या साधनेवरच्या सतिपट्ठान सुत्तात काया, वेदना (म्हणजे सुखदुःखाची संवेदना), चित्त आणि धर्म (म्हणजे मनात येणाऱ्या गोष्टी) यांच्याकडे पाहायला सांगताना प्रत्येक ठिकाणी एक पालुपद येते: आपल्या ठिकाणी पाहावे, बाहेर इतरांच्या ठिकाणी पाहावे, आणि दोन्हीकडे पाहावे. यातला दुसरा आणि तिसरा भाग आजच्या माइंडफुलनेसमधून जवळपास गळून गेला आहे. सेदक सुत्तात बांबूवर कसरत करणारे गुरू-शिष्य आहेत. गुरू म्हणतो, तू मला सांभाळ, मी तुला सांभाळतो. शिष्य म्हणतो, आचार्य, असे नको, आपण दोघांनी आपापला तोल सांभाळू, म्हणजे खेळ नीट होईल. बुद्ध शिष्याचे म्हणणे उचलून धरतात आणि पुढे सांगतात, की स्वतःला सांभाळणारा इतरांना सांभाळतो आणि क्षमा, अहिंसा, मैत्री व अनुकंपा यांनी इतरांना सांभाळणारा स्वतःला सांभाळतो. व्हिएतनामचे भिक्खू तिक न्यात हान्ह यांचे आयुष्य मला या सुत्ताचे भाष्य वाटते. युद्धाच्या काळात विहारात ध्यान करीत बसावे की बाहेर जाऊन उद्ध्वस्त गावांत काम करावे, असा पेच त्यांच्यापुढे होता, आणि त्यांनी दोन्ही एकत्र करण्याची वाट धरली. १९६६ मध्ये शांततेची मागणी करण्यासाठी ते देशाबाहेर गेले ते ३९ वर्षांनी, २००५ मध्येच मायभूमीवर परत पाय ठेवू शकले. १९६७ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांनी शांततेच्या नोबेल पारितोषिकासाठी त्यांचे नाव सुचवले होते. जगभरच्या लाखो माणसांना सावकाश चालायला आणि घंटेचा नाद ऐकून क्षणभर थांबायला त्यांनी शिकवले. तेवढेच आता ध्यानात राहिले आहे आणि त्यामागचे युद्ध विसरले गेले आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५६ मध्ये लाखो अनुयायांसह धम्म स्वीकारला, तेव्हा दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्ये अष्टांगिक मार्ग आचरण्याची प्रतिज्ञा आहे. ज्या माणसांच्या पिढ्यान्‌पिढ्या अपमानात गेल्या, त्यांच्यासाठी स्मृती म्हणजे माणूसपणाचा आधार होता. अशा वाचकांपुढे ‘भूतकाळ सोडून द्या, या क्षणात राहा’ हे वाक्य ठेवताना लिहिणाऱ्याने दोनदा विचार करावा अशी माझी कळकळीची विनंती आहे.

कलांच्या बाबतीतही हीच विस्मृती दिसते, आणि येथे मी थोडी अधिक रेंगाळणार आहे, कारण तिन्ही लेखांसोबत छापलेले चित्र एकच होते: मिटल्या डोळ्यांचे, गुळगुळीत दगडातले बुद्धांचे नुसते मस्तक. असे मस्तक आज दिवाणखान्यात, उपाहारगृहात, मालिश केंद्राच्या दारात, सगळीकडे शोभेला ठेवलेले दिसते. धडाशिवाय मस्तक ही मूर्तिकारांची कल्पना नव्हे. चीनमधल्या लोंगमेन लेण्यांतल्या मूर्तींची मस्तके विसाव्या शतकाच्या आरंभी छिन्नीने उतरवून परदेशी संग्राहकांना विकली गेली. जावामधल्या बोरोबुदुर स्तूपावरच्या ५०४ बुद्धमूर्तींपैकी तीनशेहून अधिक भग्न आहेत आणि त्यांतल्या बहुतेकींना मस्तक नाही. संग्रहालयांतून अशी सुटी मस्तके पाहून पाहून डोळ्यांना त्याची सवय झाली, आणि लुटीची ती खूण पुढे शांततेचे प्रतीक म्हणून कारखान्यांत घडू लागली. ज्यांनी घरात असे मस्तक ठेवले आहे त्यांना मी दोष देत नाही. त्यांना हे कोणी सांगितलेलेच नाही.

याउलट, ज्यांनी ही शिकवण खरोखर पचवली अशा कलावंतांनी पाहण्या-ऐकण्याची रीतच बदलली. संगीतकार जॉन केज हे कोलंबिया विद्यापीठात जपानी विचारवंत डी. टी. सुझुकी यांच्या झेनवरील व्याख्यानांना बसत असत. १९५२ मध्ये त्यांच्या एका रचनेच्या पहिल्या प्रयोगात वादक पियानोसमोर चार मिनिटे तेहेतीस सेकंद एकही सूर न वाजवता बसला, आणि श्रोत्यांच्या कानांवर वारा, पावसाचे थेंब आणि शेवटी चिडून उठून जाणाऱ्यांची कुजबुज पडली. पुष्कळांना ती थट्टा वाटली. मला मात्र त्यात आपली आवड-निवड बाजूला ठेवून बाहेरच्या जगाला जागा देणारा माणूस दिसतो. १९७४ मध्ये मूळचे कोरियाचे व्हिडिओ-कलावंत नाम जून पाइक यांनी बुद्धांची एक जुनी मूर्ती दूरचित्रवाणी संचासमोर ठेवली आणि कॅमेऱ्याने त्याच मूर्तीचे चित्र त्या पडद्यावर दाखवत ठेवले. पडद्यात स्वतःला न्याहाळत बसलेली ती मूर्ती आज, जो तो हातातल्या पडद्यावर स्वतःलाच पाहत असताना, पाहणाऱ्याला अस्वस्थ करते. तिबेटी भिक्खू रंगीत वाळूचे मंडल कित्येक दिवस खपून कणाकणाने रचतात आणि पूर्ण झाले की झाडून ती वाळू वाहत्या पाण्यात सोडतात. आपल्या माध्यमांत त्याचे वर्णन ‘ताण घालवणारी कला’ असे होते, पण वाळू झाडून टाकण्याचा तो क्षण पाहणाऱ्याला ताणमुक्त करण्यासाठी नसतो. आपल्याला प्रिय असलेले सारे जाणार आहे हे त्याच्या मनावर ठसावे म्हणून असतो.

माइंडफुलनेसचा लाभ घेण्यासाठी कोणी बौद्ध व्हायला हवे असे माझे म्हणणे नाही, आणि या शब्दावर कोणाची मालकी आहे असेही नाही. आपल्या दैनिकाने तीन गोष्टींचा विचार करावा एवढीच विनंती आहे. या विषयावरच्या लेखांत ‘सम्यक स्मृती’ हा शब्द, निदान एकदा, त्याच्या अर्थासह यावा. पुढचा लेख एखाद्या मनोविकारतज्ज्ञाने आणि पालीच्या एखाद्या अभ्यासकाने मिळून लिहावा, म्हणजे लाभ, मर्यादा आणि मूळ आशय एकाच ठिकाणी वाचायला मिळतील. आणि त्या लेखासोबत तुटलेले मस्तक छापू नये. सांचीच्या पूर्व तोरणावर सिद्धार्थाच्या गृहत्यागाचा प्रसंग कोरलेला आहे. त्यात घोडा आहे, त्याच्यावर धरलेले छत्र आहे, आणि पाठीवर मात्र कोणीच नाही. बुद्धांची मूर्ती घडवण्याची प्रथा सुरू होण्यापूर्वीच्या त्या शिल्पकारांनी ही रिकामी जागा पाहणाऱ्याच्या स्मृतीवर सोपवली होती. त्या शिल्पाचे छायाचित्र छापता येईल का, हे कृपया पाहावे.

आपली,
एक नियमित वाचक